रूट कॅनल झाले. आता दाढ तुटू नये म्हणून

दाढ ठणकू लागली की पूर्वी आजरा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर एकच उपाय असे, तो म्हणजे दाढ काढून टाकणे. आता रूट कॅनल हा शब्द घरोघरी पोचला आहे. दाढ काढण्यापेक्षा वाचवलेली बरी, हे पटलेली कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन हा उपचार करून घेतात. डॉक्टरांचे पैसे तर जातातच, शिवाय प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. काजूच्या कारखान्यात जाणारी भगिनी असो की ऊसतोडीला, गवंडीकामाला जाणारा भाऊ, तीन-चार फेऱ्या म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी.

आणि मग आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येणारी तक्रार अशी: "ठणका थांबला होता, सगळे बरे होते. चार-सहा महिन्यांनी साधी भाकरी खाताना दाढेचा तुकडा पडला. डॉक्टर म्हणाले, आता काढावीच लागेल." पैसे गेले, दाढही गेली. घरातली माणसे म्हणू लागतात, "रूट कॅनल करण्यात काही अर्थ नाही, काढूनच टाकायची होती."

या अनुभवातून चुकीचा धडा घेतला जाऊ नये म्हणून हा लेख आहे. बहुतेक वेळा रूट कॅनल फसलेले नसते. रूट कॅनलनंतरचे अर्धे काम राहिलेले असते. दाढेच्या आतला जंतुसंसर्ग काढणे हा पहिला भाग, आणि पोकळ झालेली दाढ चावण्याचा भार सोसू शकेल अशी पुन्हा बांधणे हा दुसरा भाग. या दुसऱ्या भागात कॉम्पोझिट नावाचा पदार्थ काय करू शकतो, कोठे पुरतो आणि कोठे पुरत नाही, ते आपण क्रमाने पाहू.

दात आतून कसा असतो

दाताचे बाहेरचे पांढरे कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. कठीण असला तरी काचेसारखा ठिसूळ. त्याच्या आत पिवळसर रंगाचे डेंटिन असते. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी तंतू आणि पाणी. त्यामुळे डेंटिन थोडे लवचिक असते आणि वरच्या ठिसूळ कवचाला आधार देते. सर्वांत आत मऊ गर असतो, ज्याला आपण बोलताना 'नस' म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे तंतू असतात.

दाढेच्या वरच्या बाजूला बोट फिरवून पाहा. चार-पाच उंचवटे लागतात, मध्ये खोलगट भाग लागतो, आणि शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन्ही बाजूंना उंच कडा लागतात. या दोन कडा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. भाताच्या खाचराला जसा बांध असतो तशा या कडा दाढेचे बांध आहेत. समोरासमोरच्या भिंतींना त्या एकत्र धरून ठेवतात.

रूट कॅनलमध्ये काय करतात

कीड गरापर्यंत पोचली की गर सुजतो, मग मरतो, आणि जंतू मुळाच्या टोकापर्यंत जातात. रात्रीचा ठणका, गालावरची सूज, हिरडीवर येणारी पुळी ही त्याची लक्षणे. रूट कॅनलमध्ये दाढेला वरून भोक पाडून मेलेला किंवा सडलेला गर काढतात, मुळांतल्या नळ्या बारीक सुयांनी घासतात, औषधी पाण्याने धुतात आणि गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. खालच्या दाढेत बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात. वरच्या दाढेत तीन मुळे, आणि नळ्या तीन किंवा चार. म्हणून दाढेला पुढच्या दातापेक्षा जास्त वेळ लागतो.

हे झाले की वरच्या भोकात तात्पुरते सिमेंट भरतात. दुखणे थांबलेले असते. नेमके इथेच पुष्कळजण थांबतात. "आता दुखत नाही, मग कशाला जायचे?" दाढ हातची जाण्याची सुरुवात इथून होते.

अशी दाढ का तुटते

'नस काढली की दात वाळतो आणि वाळल्या लाकडासारखा मोडतो' असे सर्रास सांगितले जाते. डॉक्टरही पूर्वी तसेच मानत. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच माणसाच्या तोंडातला रूट कॅनल झालेला दात आणि दुसऱ्या बाजूचा तोच जिवंत दात अशा २३ जोड्या तपासल्या गेल्या. रूट कॅनल झालेले दात ठिसूळ झाल्याचे त्यात दिसले नाही. खरे कारण वेगळे आहे: दाताचा किती भाग शिल्लक राहिला.

याविषयी १९८९ साली झालेली एक मोजणी फार बोलकी आहे. काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत दाब देऊन त्यांचा ताठपणा मोजला गेला. रूट कॅनलसाठी वरून नुसते भोक पाडले तर ताठपणा फक्त ५ टक्क्यांनी घटला. चावण्याच्या पृष्ठभागावर खड्डा केला तर २० टक्क्यांनी. पण दोन्ही बाजूंचे बांध फोडून आरपार चर काढला तेव्हा तो तब्बल ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे दाढ दुबळी होते ती मुख्यतः किडीने आणि कोरण्याने बांध गेल्यामुळे. रूट कॅनलच्या भोकाचा त्यात वाटा थोडाच. बांध फुटले की दोन्ही भिंती एकट्या उभ्या राहतात आणि प्रत्येक घासाला बाहेरच्या बाजूला वाकतात. असे वाकता वाकता एके दिवशी बुंध्याशी तडा जातो.

दुसरे कारण संवेदनेचे. जिवंत दाढेखाली खडा आला तर आपण चटकन तोंड उघडतो. गर काढलेल्या दाढेला ही जाणीव उशिरा होते. १९८६ सालच्या एका प्रयोगात असे दिसले की गर नसलेल्या दातावर जिवंत दातापेक्षा दुपटीहून जास्त भार पडल्यावर माणसाला दुखले. म्हणजे जी दाढ आधीच दुबळी, तिच्यावरच नकळत जास्त जोर पडतो.

चांदी आणि कॉम्पोझिट यांतला फरक

जुन्या माणसांच्या दाढांत काळपट 'चांदी' भरलेली दिसते. ती नुसती चांदी नसते. पारा आणि चांदी, कथील, तांबे यांचे ते मिश्रण असते. ते टिकाऊ आहे, अनेकांच्या तोंडात वीस-वीस वर्षे राहिले आहे. पण ते दाताला चिकटत नाही. खड्ड्यात घट्ट बसते, एवढेच. जिवंत दाढेतल्या लहान खड्ड्याला ते चालून गेले. मात्र बांध फुटलेल्या पोकळ दाढेत ते पाचरेसारखे वागू शकते. लाकूड फोडताना पाचरेवर घाव घातला की ओंडका दुभंगतो, तसे. शिवाय पारा पर्यावरणाला घातक आहे. त्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि २०१८ साली भारताने त्याला मान्यता दिली. दातातली चांदीही त्या करारात येते. ज्यांच्या दाढेत जुनी चांदी शाबूत आहे त्यांनी घाबरून ती काढून घेण्याची मात्र गरज नाही.

कॉम्पोझिट म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ आणि त्यात मिसळलेले अतिबारीक काचेचे कण. अमेरिकेतले राफेल बोवेन यांनी १९६२ साली त्याच्या मुख्य रसायनाचे पेटंट घेतले. भरताना ते मेणासारखे मऊ असते. निळ्या प्रकाशाचा दिवा धरला की काही सेकंदांत घट्ट होते. रंग दातासारखा असतो. पण रंगापेक्षा मोठा गुण म्हणजे ते दाताला चिकटते. भिंतींमध्ये नुसते भरून न राहता त्या भिंतींना एकमेकींशी बांधते. फुटलेल्या बांधाचे काम ते काही प्रमाणात पुन्हा करते. चिकटवलेल्या कॉम्पोझिटने दाताचा गेलेला ताठपणा बराचसा परत मिळतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

ते चिकटते कसे, आणि का सुटते

भिंतीला रंग देण्याआधी रंगारी ती घासून खरबरीत करतो, तसेच इथे करतात. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतसंशोधकाने दाखवून दिले की सौम्य आम्ल लावून एनॅमलवर अतिसूक्ष्म खाचा पाडल्या तर राळ तिथे घट्ट धरते. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आजही तेच आम्ल वापरतात. ते काही सेकंद लावायचे, धुऊन टाकायचे, चिकटद्रव्य लावायचे, दिवा धरायचा आणि मग कॉम्पोझिट भरायचे.

या कामाचे तीन शत्रू आहेत. ते वाचकांनी ओळखून ठेवावेत.

पहिला शत्रू ओलावा. लाळ किंवा रक्त लागले की चिकटणे संपले. म्हणून चांगले डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात किंवा कापूस आणि लाळ ओढणारी नळी जपून वापरतात. पडद्याने थोडे गुदमरल्यासारखे वाटते. पण तो काढा असा आग्रह धरू नका. नाकाने श्वास घेत राहा.

दुसरा शत्रू आकसणे. कॉम्पोझिट घट्ट होताना साधारण दोन ते तीन टक्के आकसते. एकदम मोठा गोळा भरला तर आकसताना ते भिंतीपासून सुटते किंवा पातळ भिंतीला आत ओढते. शिवाय दिव्याचा प्रकाश खोलवर पोचत नाही. म्हणून साधे कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात. जाड थराने भरायची नवी जातही आहे, ती चार मिलिमीटरपर्यंत चालते. खोल दाढेला वेळ लागणारच. 'पाच मिनिटांत उरकले' ही या कामात कौतुकाची गोष्ट नव्हे.

तिसरा शत्रू तेल. लवंगतेलातले युजेनॉल हे द्रव्य कॉम्पोझिट घट्ट होण्यात अडथळा आणते. काही तात्पुरत्या सिमेंटांतही ते असते. डॉक्टर ते साफ करून घेतात. पण घरी दाढेच्या खड्ड्यात लवंगतेलाचा बोळा ठेवला असेल तर ते आधी सांगा.

धागे घातलेले कॉम्पोझिट

मातीची भिंत लिंपताना आपल्या आज्या मातीत गवताची काडी किंवा भाताचे तूस मिसळत, म्हणजे भिंत तडकत नसे. काँक्रीटमध्ये सळई घालतात तेही त्याचसाठी. हाच विचार दातात आला आहे. काही कॉम्पोझिटमध्ये काचेचे आखूड धागे मिसळलेले असतात, तर काही ठिकाणी काचेच्या किंवा पॉलिथिलीनच्या धाग्यांची विणलेली पट्टी दाढेच्या आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चिकटवून त्यावर साधे कॉम्पोझिट भरतात. तडा पुढे सरकू लागला की धागा त्याला अडवतो किंवा वळवतो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत याचा एक चांगला परिणाम अनेकदा दिसला आहे. धागे असलेली दाढ तुटलीच तर पुष्कळदा हिरडीच्या वर तुटते. म्हणजे ती पुन्हा दुरुस्त करता येते. मूळ उभे चिरले तर दाढ काढण्यावाचून सहसा उपाय नसतो. मात्र धाग्यांचा थर नेहमी आत ठेवतात. वरून साध्या कॉम्पोझिटचा थर लागतोच, नाहीतर चावून पृष्ठभाग खरबरीत होतो.

कोणत्या दाताला काय पुरते

सगळ्यांना एकच उपाय नाही. किती दात शिल्लक आहे यावर निर्णय असतो. आपल्याला समजावे म्हणून ढोबळ मांडणी अशी:

१. पुढचा दात, दोन्ही बाजू शाबूत, फक्त मागून भोक पाडलेले: बहुधा कॉम्पोझिट भरणे पुरते. कॅप लागत नाही.

२. दाढ, दोन्ही बांध शाबूत, मध्ये रूट कॅनलचे भोक: नीट चिकटवलेले कॉम्पोझिट अनेकदा पुरते.

३. एक बांध गेलेला, भिंती जाड: धाग्यांचे कॉम्पोझिट चालू शकते. पण भिंती पातळ असतील तर उंचवटे झाकावे लागतात.

४. दोन्ही बांध गेलेले: नुसते खड्डा भरणे धोक्याचे. उंचवटे दीड-दोन मिलिमीटर कमी करून त्यांच्यावरून कॉम्पोझिटचे झाकण घालावे किंवा कॅप बसवावी. छप्पर भिंतीच्या आत ठेवून चालत नाही, भिंतीवर टेकवावे लागते.

५. दाढेला आधीच तडा आहे, किंवा झोपेत दात खाण्याची सवय आहे: कॅप जास्त भरवशाची.

६. दाढ हिरडीच्या खूप खाली तुटली आहे किंवा मूळ उभे चिरले आहे: ती वाचवण्याच्या नादात पैसे घालू नयेत. काढणेच शहाणपणाचे.

कॅपचे काम बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेसारखे असते. धाव चाकाला बाहेरून आवळून धरते, आरे आणि पाटे सुटू देत नाही. पण धाव बसायला चाक तर हवे. कॅप धरायला हिरडीच्या वर चोहोबाजूंनी निदान दोन मिलिमीटर खरा दात शिल्लक असावा लागतो.

अभ्यास काय सांगतात

अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की रूट कॅनल झालेले जे दात कॅपविना राहिले ते कॅप घातलेल्या दातांपेक्षा सहापट जास्त प्रमाणात गेले. हा आकडा पाहून प्रत्येक दाताला कॅप लागते असे समजू नये. त्याआधी १९८४ साली १२७३ दातांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. त्यात लहान-मोठ्या दाढांना कॅपचा फायदा स्पष्ट दिसला, पुढच्या दातांना तसा दिसला नाही.

इटलीत २००२ साली लहान दाढांवर झालेल्या अभ्यासात धाग्यांची खुंटी आणि कॉम्पोझिट भरलेल्या दाढा तीन वर्षांनंतर कॅप घातलेल्या दाढांइतक्याच टिकलेल्या आढळल्या. २००५ सालच्या पुढच्या अभ्यासात पाच वर्षांनी असे दिसले की चांदीपेक्षा कॉम्पोझिटने मूळ तुटणे चांगले रोखले, पण कॉम्पोझिटच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण जास्त होते. याचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. कॉम्पोझिट दाढेला तुटण्यापासून आधार देते, पण किडीपासून वाचवणे आपल्या ब्रशच्या हातात राहते.

ज्यांना लगेच कॅपचा खर्च झेपत नाही त्यांनी 'मग राहू दे' म्हणून तात्पुरत्या सिमेंटवर दाढ सोडू नये. उंचवटे झाकणारे कॉम्पोझिट बहुधा एकाच बैठकीत होते, सहसा कॅपपेक्षा कमी पैशात होते, आणि पुढे हाती पैसे आले की त्यावरच कॅप बसवता येते. गरीब घरासाठी हा मधला मार्ग फार उपयोगाचा आहे. डॉक्टरांनी स्वतःहून सुचवला नाही तर आपण विचारावा.

खुंटीविषयी एक गैरसमज

'मुळात खुंटी घातली की दात मजबूत होतो' असे अनेकांना वाटते. खुंटी दाताला बळ देत नाही. वरचा भाग फारच उरला नसेल तेव्हा भरलेला पदार्थ धरून ठेवायला तिचा उपयोग. खुंटीसाठी मूळ आणखी कोरले तर ते उलट दुबळे होते. ताठ लोखंडी खुंटीपेक्षा काचेच्या धाग्यांची खुंटी डेंटिनइतकीच लवचिक असल्याने मूळ चिरण्याचा धोका कमी असतो. गरज असेल तेव्हाच, आणि शक्यतो धाग्यांची.

उशीर का नको

तात्पुरते सिमेंट झिजते आणि त्याच्या कडेने लाळ आत शिरते. १९९० साली प्रयोगशाळेत वरचे भरण नसलेल्या मुळांवर जंतू सोडून पाहिले, तेव्हा एका जातीचे जंतू १९ दिवसांत आणि दुसऱ्या जातीचे ४२ दिवसांत निम्म्याहून जास्त मुळांच्या टोकापर्यंत पोचले. म्हणजे दाढ तुटली नाही तरी रूट कॅनल आतून पुन्हा बिघडू शकते. म्हणून रूट कॅनल संपल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत पक्के भरण करून घ्यावे. सुगी, लग्नसराई, गळीत हंगाम या कारणांनी पुढे ढकलू नये. शक्य असेल तर शेवटच्या फेरीतच पक्के भरण करता येईल का, असे विचारावे. एक फेरी वाचली की एक रोज वाचतो.

डॉक्टरांना हे विचारा

प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपल्या शरीराविषयी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. उपचार सुरू होण्याआधीच विचारा:

- या दाढेचा किती भाग शिल्लक आहे? बांध आहेत का?
- रूट कॅनल आणि त्यानंतरचे पक्के भरण किंवा कॅप मिळून एकूण खर्च किती? किती फेऱ्या?
- नुसते कॉम्पोझिट पुरेल, की उंचवटे झाकावे लागतील, की कॅपच हवी?
- कॅप आत्ता परवडत नसेल तर मधला कोणता मार्ग आहे?
- पक्के भरण होईपर्यंत या बाजूने काय खाऊ नये?

एकूण खर्च आधी कळला तर अर्ध्यावर उपचार सोडण्याची वेळ येत नाही. आणि एकूण खर्च झेपणार नसेल तर तेही आधीच सांगावे. त्यात लाज नाही.

उपचार नेहमी नोंदणीकृत दंतवैद्याकडेच घ्यावा. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या, शिक्षण नसलेल्या माणसाकडून दात भरून घेऊ नयेत. खाजगी दवाखान्याचा खर्च जड असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार करावा. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आहे, आणि आपल्याला जवळ पडणाऱ्या बेळगावात केएलई संस्थेचे आहे. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत त्यांना सरकारी दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च सहसा कमी असतो. निघण्यापूर्वी वेळ, सुट्टीचे दिवस आणि दर यांची चौकशी करावी.

घरी काय जपावे

रूट कॅनल झालेल्या दाढेने सुपारी फोडू नये. ऊस दाताने सोलू नये, सुरीने करवे करून घ्यावेत. मटणाचे हाड, भाजलेले कडक फुटाणे, बर्फ यांच्यासाठी ती दाढ नाही. बाटलीचे झाकण किंवा दोऱ्याची गाठ दाताने उघडू नये, कोणत्याच दाताने नव्हे. ज्वारीची भाकरी, घनसाळ तांदळाचा भात, उसळी, भाज्या खुशाल खाव्यात.

मिश्रीने दात स्वच्छ होतात हा मोठा गैरसमज आपल्या आयाबहिणींत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिची सवय लागते, हिरडीवर आणि दातांच्या मुळांवर तिचा वाईट परिणाम होतो, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. दाढ दुखते म्हणून खड्ड्यात तंबाखू धरणे हा उपाय नव्हे. फ्लोराइड असलेल्या साध्या पेस्टने सकाळी आणि रात्री झोपताना, मऊ ब्रशने, दोन मिनिटे दात घासावेत. कॉम्पोझिट आणि दात यांच्या सांध्यावर, विशेषतः हिरडीजवळ, ब्रश जपून फिरवावा. तिथेच नवी कीड लागते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली आणि ते न वापरण्याचे तोटे सांगितले. तोंडाला दुर्गंधी येणे हा त्यांतला एक. तोंडाची स्वच्छता ही आपल्याकडे नवी शिकवण नाही.

पुढील लक्षणे दिसली तर दुखायची वाट न पाहता दाखवावे: चावून दात सोडताना कळ येणे, जिभेला धारदार कड लागणे, भरण हलणे, एकाच जागी घास अडकणे, हिरडीवर पुळी येणे. सगळे ठीक असले तरी वर्षातून एकदा ती दाढ तपासून घ्यावी.

तुकडा पडलाच तर तो जपून ठेवावा, त्या बाजूने चावणे बंद करावे, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना गाठावे. घरातल्या चिकटद्रव्याने तुकडा चिकटवू नये. कॉम्पोझिटचा एक फायदा इथे होतो. कड तुटली असेल आणि मूळ शाबूत असेल तर सगळे न काढता तेवढीच जागा दुरुस्त करता येते.

शेवटी

दाढ गेली म्हणजे शेजारच्या दाढा कलतात, समोरची लांबते, घास नीट चावला जात नाही. म्हातारपणी भाकरी कुस्करून खावी लागते. ज्या घरात कमावत्या माणसाच्या अंगमेहनतीवर चूल पेटते, तिथे नीट चावून खाता येणे ही साधी गोष्ट नव्हे.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या घरात, शेजारी कोणाचे रूट कॅनल झाले असेल तर आज एवढेच विचारा: "वरचे पक्के भरण झाले का?" उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' असे आले, तर या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत डॉक्टरांना विचारायचे ते पाच प्रश्न वाचून दाखवा, आणि ज्या घरी वाचणारे कोणी नाही तिथे ते तोंडी सांगा.